लेखणी त्यांची, माइक दुसऱ्याचा

एखाद्या समाजाचे चित्र कोणी रंगवायचे, हा प्रश्न आम्हाला नेहमीच महत्त्वाचा वाटत आला आहे. दुसऱ्याच्या लेखणीतून उतरलेला आपला माणूस बहुधा विदूषक असतो, नाही तर खलपुरुष. अमेरिकेतील ज्यू समाजाच्या वाट्याला हेच आले होते. हे चित्र एका गृहिणीने स्वतःच्या लेखणीने आणि स्वतःच्या आवाजाने बदलून दाखविले. त्यांचे नाव गर्ट्रूड बर्ग.

बर्ग यांचा जन्म १८९९ साली न्यूयॉर्कमध्ये झाला. माहेरचे नाव टिली एडेलस्टाइन. वडील कॅट्सकिल डोंगरातील फ्लाइशमन्स या गावी उन्हाळी हॉटेल चालवीत. पावसामुळे पाहुणे अडकून पडले की ही मुलगी छोटी नाटुकली लिहून त्यांची करमणूक करी. तीच त्यांची पहिली शाळा. १९१८ साली लुईस बर्ग या अभियंत्याशी विवाह झाला. पतीच्या नोकरीसाठी त्या लुईझियानातील साखर कारखान्यावर गेल्या. पुढे तो कारखाना जळाला आणि कुटुंब न्यूयॉर्कला परतले. घरात दोन मुले होती. तेव्हा त्यांनी लेखणी हाती घेतली ती पोटासाठी.

आपले हस्तलिखित त्यांनी मुद्दाम न वाचता येईल अशा अक्षरात नेले, असे सांगतात. रेडिओच्या अधिकाऱ्याला ते लागेना, म्हणून त्यांनाच वाचून दाखवावे लागले. आणि लेखिकेबरोबर अभिनेत्रीचीही निवड झाली! २० नोव्हेंबर १९२९ रोजी एनबीसीवरून गोल्डबर्ग कुटुंबाची मालिका सुरू झाली. शेअर बाजार कोसळून जेमतेम महिना झाला होता. लाखोंच्या नोकऱ्या जाणार होत्या. अशा काळात मॉली गोल्डबर्ग ही गरीब वस्तीतील आई घराघरांत बोलू लागली. भाडे, मुलांचे शिक्षण, शेजाऱ्यांची भांडणे हेच तिचे विषय. लिहिणे, बसविणे आणि मॉलीची भूमिका करणे ही तिन्ही कामे बर्ग एकट्या सांभाळीत. त्यांनी लिहिलेल्या भागांची संख्या हजारांत जाते.

मॉलीचे मोडकेतोडके इंग्रजी काही सुशिक्षित ज्यूंना खटकत असे. खुद्द बर्ग अस्खलित इंग्रजी बोलत आणि पुढे न्यूयॉर्कच्या श्रीमंत वस्तीत राहत. हा आक्षेप आम्ही उडवून लावणार नाही. पण श्रोता मॉलीला हसून थांबत नव्हता, तो तिचा सल्ला मानीत होता. हा फरक लहान नाही.

त्याच रेडिओवरून त्याच वर्षांत चार्ल्स कॉफलिन हा धर्मगुरू लाखो श्रोत्यांच्या कानांत ज्यूद्वेष ओतत होता. जर्मनीत नोव्हेंबर १९३८ मध्ये ज्यूंची दुकाने व प्रार्थनास्थळे फोडली गेली. त्यानंतर एप्रिल १९३९ मधील एका भागात गोल्डबर्ग कुटुंब वल्हांडणाच्या जेवणाला बसले असताना खिडकीतून दगड येतो. मॉली मुलांना धीर देते आणि सण पुढे चालू राहतो. भाषण नाही, घोषणा नाही. पण दगड कोणावर आणि का पडला, हे ऐकणाऱ्याला कळले.

१९४९ साली मालिका सीबीएसच्या दूरचित्रवाणीवर आली. बर्ग यांना उत्कृष्ट अभिनेत्रीचा एमी पुरस्कार मिळाला. आणि इथेच घाव बसला. जून १९५० मध्ये ‘रेड चॅनल्स’ नावाची पुस्तिका निघाली. एफबीआयच्या माजी अधिकाऱ्यांनी चालविलेल्या एका खाजगी प्रकाशनाची ही पुस्तिका. तीत १५१ कलावंत व लेखकांवर कम्युनिस्टांशी संबंध असल्याचा ठपका होता. मॉलीच्या पतीची भूमिका करणारे फिलिप लोएब त्यांत होते. नटांच्या संघटनेतील हे लढाऊ कार्यकर्ते. आपण त्या पक्षाचे सभासद नाही, असे त्यांनी सांगितले. पण ऐकणार कोण? खटला नाही, साक्षीपुरावा नाही, निकाल नाही. शिक्षा मात्र झाली. दुसरी बाजू ऐकल्याशिवाय शिक्षा नाही, हे आम्ही कायद्याच्या पहिल्या वर्गात शिकलो. तिथे एका कॉफीच्या जाहिरातदाराने न्यायाधीशाची खुर्ची घेतली होती.

लोएब यांना काढण्यास बर्ग यांनी नकार दिला. जाहिरातदार जनरल फूड्सने पैसा काढून घेतला आणि १९५१ मध्ये सीबीएसने मालिका बंद केली. १९५२ साली ती एनबीसीवर परतली, तेव्हा लोएब त्यात नव्हते. त्यांना तडजोडीची रक्कम मिळाली, मालिकेतले काम परत मिळाले नाही. मुलगा मनोरुग्ण, त्याच्या उपचारांचा खर्च डोक्यावर. १ सप्टेंबर १९५५ रोजी न्यूयॉर्कच्या एका हॉटेलात झोपेच्या गोळ्या घेऊन त्यांनी जीवन संपविले.

बर्ग शेवटी झुकल्या का? होय, झुकल्या. पण त्यांच्या एका शब्दावर कितीतरी कलाकार आणि कामगारांची चूल पेटत होती, हेही आम्ही नोंदवतो. आधी नुकसान सोसून त्यांनी नकार दिला होता. अनेकांनी तर यादी पाहताच सहकाऱ्याची ओळख नाकारली.

पुढे १९५९ मध्ये रंगभूमीवरील अभिनयासाठी त्यांना टोनी पुरस्कार मिळाला. नाटकातील ज्यू विधवेचा मुलगा जपानविरुद्धच्या युद्धात मेलेला असतो आणि तिची मैत्री होते एका जपानी माणसाशी. १४ सप्टेंबर १९६६ रोजी बर्ग यांचे निधन झाले. ज्या फ्लाइशमन्समध्ये त्यांनी पहिले नाटुकले लिहिले, तिथेच त्यांचे दफन झाले.

हे आयुष्य आम्हाला दोन गोष्टी शिकविते. आपली कथा आपणच लिहिली पाहिजे, ही पहिली. ती बर्ग यांनी सिद्ध केली. आणि लेखणी आपली असली, तरी माइक ज्याच्या पैशावर चालतो तो कोणत्याही दिवशी तो बंद करू शकतो, ही दुसरी. तिची किंमत फिलिप लोएब यांनी मोजली.