लोहाराचा मुलगा व बलरेषा

बलाची व्याख्या व तरंगांचीं सूत्रें मुलांकडून घोकून घेतलीं म्हणजे पदार्थविज्ञान शिकविलें, अशी ज्या शिक्षकांची समजूत असेल त्यांनीं मायकेल फॅरडेचें चरित्र अवश्य पाहावें.

१७९१ मध्यें लंडनजवळ एका गरीब लोहाराच्या घरीं तो जन्मला. शाळा लिहिण्यावाचण्यापुरतीच. चौदाव्या वर्षीं बुकबाइंडरकडे उमेदवारीस राहून, बांधावयास आलेलीं पुस्तकेंच तो वाची. १८१२ सालीं सर हंफ्री डेव्हीचीं व्याख्यानें ऐकून त्यानें टिपणें काढिलीं व तीं बांधून त्याजकडेच धाडिलीं. दुसऱ्या वर्षीं रॉयल इन्स्टिट्यूशनमध्यें त्यास मदतनिसाची जागा मिळाली. युरोपच्या प्रवासांत मात्र डेव्हीच्या पत्नीनें त्यास गड्यासारखें वागविलें. पंक्तिभेद कांहीं आमच्याच देशांत नाहीं!

उच्च गणित त्यास कधींच आलें नाहीं. पण तारेच्या वेटोळ्यांत लोहचुंबक हालवितांच विद्युत्प्रवाह उत्पन्न होतो, हें त्यानें १८३१ मध्यें दाखविलें. चुंबकावर कागद ठेवून लोखंडाचा कीस भुरभुरला असतां ज्या वक्र रेषा उमटतात, त्यांत त्यास अवकाशभर पसरलेलें बल दिसलें. प्रकाश हें अशाच रेषांचें कंपन असावें, असा तर्क त्यानें १८४६ सालीं मांडला. मॅक्सवेलनें १८६५ मध्यें बलरेषांच्या कल्पनेस गणिताचें रूप दिलें. १८८८ मध्यें हर्ट्झनें विद्युत्तरंग प्रयोगानें सिद्ध केले. तें पाहावयास फॅरडे नव्हता. १८६७ मध्येंच तो वारला.

रॉयल सोसायटीचें अध्यक्षपद त्यानें दोनदां नाकारिलें. मुलांसाठीं मात्र त्यास नेहमींच सवड असे. १८५९ च्या नाताळांत, ६८ वर्षांचा तो म्हातारा निसर्गांतील बलें त्यांस प्रयोग करून दाखवीत होता.