एडिंबरोचे डॉक्टर सिम्पसन

ज्या गृहस्थांचे चरित्र आज आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहो, त्यांचे नाव आमच्या खेड्यांतील मंडळ्यांत फारसे कोणी ऐकले नसेल. परंतु ज्या घरातील माणसावर इस्पितळात शस्त्रक्रिया झाली व ते माणूस त्या वेळी शांत निजून राहिले, त्या प्रत्येक घरावर त्यांचे थोडेबहुत ऋण आहे. हे गृहस्थ म्हणजे एडिंबरो विद्यापीठातील प्रसूतिशास्त्राचे प्राध्यापक सर जेम्स यंग सिम्पसन होत.

स्कॉटलंडात एडिंबरोच्या पश्चिमेस बाथगेट हे त्या काळी विणकरांचे गाव होते. तेथे डेव्हिड सिम्पसन या भटाऱ्याच्या घरी ता. ७ जून १८११ रोजी जेम्सचा जन्म झाला. तो सातवा मुलगा. त्या दिवसांत भटारखान्याचा धंदा बसत चालला होता. तो आईने हिंमत धरून सावरला. ही बाई देवभीरू होती व हाताची फार कामसू होती. एकदा लहानग्या जेम्सचा मोजा फाटलेला पाहून तिने त्यास गुडघ्याशी ओढले, भोक रफू केले आणि आपण या जगातून गेल्यावर आपली आई रफू चांगले करीत असे, याची आठवण ठेव, असे त्यास सांगितले. जेम्स नऊ वर्षांचा असतानाच ती वारली. पुढे राजवाड्यात ज्यांचे जाणे-येणे झाले, त्या डॉक्टरांना म्हातारपणापर्यंत त्या मोज्याचा विसर पडला नाही.

घरातील सर्व भावांनी मिळून ठरविले की, या धाकट्यास शिकवावयाचे. वडील भाऊ अलेक्झांडर याने तर बापाची जागा घेतली. पाव भाजून मिळविलेल्या पैशावर चौदाव्या वर्षी जेम्स एडिंबरोच्या विद्यापीठात दाखल झाला व थोड्याच काळाने वैद्यकाकडे वळला. त्या वेळी भूल देण्याची विद्या नव्हती. रोग्यास माणसांनी धरून ठेवावयाचे आणि शस्त्रवैद्याने होईल तितक्या लवकर हात चालवावयाचा, ही रीत होती. एका डोंगरी मुलखातील बाईचा स्तन कापताना तिच्या जिवाची तळमळ जेम्सने पाहिली. ती त्यास पाहवेना. तो तेथून निघाला तो थेट न्यायकचेरीत जाऊन कारकुनाचे काम मागू लागला. परंतु थोड्याच वेळात त्याचे मन फिरले व तो परत वर्गात आला. जे पाहून पळावेसे वाटले, त्याचाच उपाय शोधणे हे आपले काम आहे, असे त्याच्या मनाने घेतले.

१८३० साली त्यास शस्त्रवैद्याची सनद मिळाली, १८३२ साली एम. डी. ची पदवी मिळाली. त्याचा निबंध वाचून रोगविज्ञानाच्या प्राध्यापकांनी त्यास आपल्या हाताखाली घेतले. यापूर्वी क्लाइड नदीकाठच्या एका खेड्यात वैद्याची लहानशी जागा त्याने मागितली होती, ती त्यास मिळाली नव्हती. ती मिळाली असती, तर पुढील गोष्ट काही निराळीच झाली असती.

१८३९ च्या अखेरीस प्रसूतिशास्त्राचे अध्यापकपद रिकामे होते. निवड करणे नगरपालिकेच्या हाती होते. उमेदवार अवघा अठ्ठावीस वर्षांचा, भटाऱ्याचा मुलगा, शिवाय अविवाहित. असल्या माणसाने बाळंतपणाची विद्या कशी शिकवावी, असा आक्षेप निघाला. सिम्पसन यांनी नाताळाच्या दुसऱ्या दिवशी लिव्हरपूलच्या जेसी ग्रिंडले यांच्याशी लग्न करून त्यातला शेवटचा आक्षेप मिटविला. ता. ४ फेब्रुवारी १८४० रोजी मते मोजली, तेव्हा त्यांस १७ व प्रतिस्पर्ध्यास १६ पडली. पुढे त्यांच्या वर्गास इतकी गर्दी होऊ लागली की, ज्या विषयास विद्यार्थी कमी लेखीत, तो विद्यापीठातील मोठ्या विषयांपैकी एक झाला.

१८४६ साली अमेरिकेत ईथर हुंगवून शस्त्रक्रिया झाल्याची बातमी आली. लगेच जानेवारी १८४७ मध्ये सिम्पसन यांनी बाळंतिणीस ईथर देऊन पाहिले. परंतु त्यास उग्र वास, व औषध फार लागे. याहून बरे काही सापडावे म्हणून ते रात्री घरी आपल्या दोन साहाय्यकांसह, कीथ व डंकन या डॉक्टरांसह, निरनिराळी औषधे स्वतःच हुंगून पाहू लागले. हे काम किती धोक्याचे होते हे सांगावयास नको. क्लोरोफॉर्म नावाचा द्रव १८३१ साली तयार झाला होता. तो हुंगून पाहावा, अशी सूचना लिव्हरपूलचे रसायनतज्ज्ञ डेव्हिड वॉल्डी यांनी केली होती. (हेच वॉल्डी पुढे हिंदुस्थानात आले, कलकत्त्यास त्यांनी रसायनांचा कारखाना चालविला व १८८९ साली तेथेच ते वारले. त्यांचे नाव मागे पडले, हे आम्हांस न्यायाचे वाटत नाही.) ता. ४ नोव्हेंबर १८४७ च्या रात्री रद्दी कागदांच्या ढिगाखालून ती विसरलेली बाटली काढली, पेल्यांत थोडे थोडे ओतले व तिघेही हुंगू लागले. प्रथम त्यांस मोठा उल्हास वाटून ते बोलत सुटले, आणि क्षणात तिघेही मेजाखाली पडले. सिम्पसन जागे झाले तेव्हा, हे ईथराहून फार जोरदार आहे, हाच पहिला विचार त्यांच्या मनात आला.

त्याच आठवड्यात एका बाईचे बाळंतपण क्लोरोफॉर्म देऊन सुखरूप झाले. त्याच महिन्यात एडिंबरोच्या मोठ्या इस्पितळात एका चार-पाच वर्षांच्या मुलाच्या हाताचे सडलेले हाड काढले. तो मुलगा डोंगरी मुलखातला. त्यास गेलिक भाषेखेरीज काही समजत नव्हते, आणि आता काय होणार हे त्यास कोणी समजावूही शकत नव्हते. रुमालावरचे औषध हुंगून तो घोरू लागला आणि उठला तेव्हा काम आटोपले होते.

आता आक्षेपांविषयी. बाळंतपणाचे दुःख देवाने हव्वेस नेमून दिले आहे, तेव्हा ते टाळणे म्हणजे देवाच्या आज्ञेविरुद्ध जाणे होय, असे काही जण म्हणू लागले. सिम्पसन यांनी त्याच वर्षी पुस्तिका छापून उत्तर दिले. उत्पत्तीच्या तिसऱ्या अध्यायात सोळाव्या वचनात स्त्रीविषयी जो इब्री शब्द आहे, तोच सतराव्यात पुरुषाच्या कष्टाविषयी आहे, आणि त्याचा अर्थ श्रम असा आहे, हे त्यांनी दाखविले. शापाचे वचन आज्ञा म्हणून पाळावयाचे असेल, तर शेतातले काटे व कुसळे उपटणारा शेतकरीही पापी ठरेल, आणि आपला घाम वाचविण्यास नांगराला बैल जुंपणेही चुकीचे होईल. शिवाय त्याच पुस्तकाच्या दुसऱ्या अध्यायात आदामाची फासळी काढण्यापूर्वी देवाने त्यास गाढ निद्रा आणिली, हेही त्यांनी पुढे केले. हा शेवटचा मुद्दा आम्हांस चातुर्याचा वाटतो, परंतु बैलाचा मुद्दा बिनतोड आहे. अलीकडे विद्वानांनी जुनी कागदपत्रे पाहिली, तेव्हा असे दिसून आले की, पाळक लोकांचा विरोध पुष्कळ वर्षे सांगितला गेला तितका मोठा नव्हता. अधिक विरोध डॉक्टरांचाच होता. बाळंतिणीने सोसलेच पाहिजे, असे म्हणणारी माणसे आमच्या मंडळ्यांतही आढळतात, म्हणून हा वाद आम्ही जरा विस्ताराने दिला. ता. ७ एप्रिल १८५३ रोजी राणी व्हिक्टोरिया यांनी राजपुत्र लिओपोल्ड यांच्या जन्माच्या वेळी लंडनच्या डॉक्टर जॉन स्नो यांच्या हातून क्लोरोफॉर्म घेतला. त्यानंतर या वादाचा जोर ओसरला.

सिम्पसन यांचे दोषही सांगितले पाहिजेत. शोधास तीन महिने झाले नाहीत, तोच जानेवारी १८४८ मध्ये न्यूकॅसलजवळ एक पंधरा वर्षांची मुलगी पायाच्या बोटाचे नख काढताना क्लोरोफॉर्मने दगावली. सिम्पसन यांनी औषधाचा दोष कबूल केला नाही. तिच्या तोंडात घातलेल्या पाण्याने व ब्रँडीने ती गुदमरली, असे ते म्हणत राहिले. हे औषध हृदयास कधी कधी एकाएकी बंद पाडते, हे १९११ साली प्रयोगांनी सिद्ध झाले. तत्पूर्वी निजामाच्या हैदराबादेत १८८८ व १८८९ साली या प्रश्नावर दोन मोठ्या चौकश्या झाल्या होत्या, आणि त्यांनी हृदयास धोका नाही असा चुकीचा निर्णय दिला होता. पुढे याहून निर्धास्त औषधे निघाली व क्लोरोफॉर्म शस्त्रक्रियेतून गेले. तसेच १८६७ साली लिस्टर यांनी जखमा कार्बोलिक अॅसिडाने निर्मळ ठेवण्याची रीत प्रसिद्ध केली, तेव्हा सिम्पसन यांनी त्यांच्याशी कडवटपणे वाद घातला. यात त्यांची चूक होती.

गंमत अशी की, ज्या दुखण्यावर लिस्टर झटत होते, त्याच दुखण्याचा हिशेब सिम्पसन यांनीच मांडला. हातपाय कापलेल्या रोग्यांचे आकडे त्यांनी देशभरातून मागविले. मोठ्या इस्पितळांत २०८९ पैकी ८५५ मेले होते. खेड्यापाड्यांत, साध्या घरांत, २०९८ पैकी २२६. मोठ्या इमारतीच रोग वाढवितात, असे पाहून त्यांनी लोखंडी पत्र्याच्या लहान लहान खोल्यांची, पाडून पुन्हा बांधता येतील अशी इस्पितळे असावीत, असे सुचविले. याखेरीज स्कॉटलंड व इंग्लंडातील जुन्या कुष्ठाश्रमांचा इतिहासही त्यांनी लिहिला आहे. एवढ्या धंद्यात त्यास वेळ कोठून मिळे, हे नवल आहे. कारण क्वीन स्ट्रीटवरील त्यांच्या घरी सरदारीण व कोळ्याची बायको एकाच दिवाणखान्यात वाट पाहात बसत, आणि गरिबांकडून ते पैसा घेत नसत.

१८४३ साली स्कॉटलंडच्या मंडळीत फूट पडली, तेव्हा ते फ्री चर्चमध्ये गेले. तरी आपले ख्रिस्तीपण बरेचसे नावाचे होते, असे त्यांस स्वतःस पुढे वाटले. १८६१ च्या नाताळात त्यांचे मन पालटले व ते सभांतून उघडपणे प्रभूविषयी साक्ष देऊ लागले. त्यानंतर थोड्याच दिवसांत त्यांचा पंधरा वर्षांचा मुलगा जेमी वारला. १८६६ च्या आरंभी त्यांस बॅरोनेट हा किताब मिळाला. त्याच वर्षी वडील मुलगा डेव्हिड, जो स्वतः डॉक्टर होता, व मुलगी जेसी ही दोघेही गेली. एवढ्या मोठ्या शोकातही त्यांनी रोग्यांस पाहणे सोडले नाही.

१८७० च्या आरंभापासून त्यांस हृदयाचे दुखणे जडले. अखेरच्या रात्री बाथगेटचा तोच वडील भाऊ, अलेक्झांडर, उशाशी बसला होता, आणि त्याच्या मांडीवर डोके ठेवून डॉक्टर पडून होते. ता. ६ मे रोजी त्यांनी प्राण सोडला. लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेत त्यांस जागा देऊ केली होती, परंतु घरच्यांनी ती नाकारली व एडिंबरोच्या वॉरिस्टन येथील दफनभूमीत, आधी गेलेल्या मुलांजवळ, त्यांस मूठमाती दिली. पुढच्याच महिन्यात त्यांची पत्नीही वारली, व तिला तेथेच ठेविले.