रेव्हरंड हिस्लॉप आणि टाकळीचे भुंगेरे

रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप यांची शाळा नागपुरास सर्वश्रुत आहे. त्यांचा कीटकांशी आलेला संबंध थोड्यांसच ठाऊक असेल. १८१७ साली स्कॉटलंडात जन्मलेले हे मिशनरी १८४५ साली येथे आले. शाळा व सुवार्ताकार्य सांभाळून ते, सहकारी हंटर यांसह, टाकळीचे खडक धुंडाळीत. तेथे कीटकांचे अवशेष मिळाले. पण बहुधा नुसते पंखच! ते भुंगेऱ्याचे की अन्य कोणाचे? भुंगेऱ्याची कठीण पंखझाकणे पाठीवर सरळ रेषेत जुळतात. ढेकण्या किड्याचे पंख एकमेकांवर चढतात व टोकाशी पातळ असतात. (लकडगंजातील मुलांनी लाकडांच्या वखारीत हे अवश्य पडताळावे.) अँड्र्यू मरे यांनी १८६० साली त्या भुंगेऱ्यांचे वर्णन प्रसिद्ध केले व एकास हिस्लॉपांचे नाव दिले. १८६३ च्या सप्टेंबरात टाकळघाटची प्राचीन शिळावर्तुळे पाहून परतताना हिस्लॉप पुराच्या नाल्यात बुडाले. वय अवघे पंचेचाळीस होते.