स्वामी रामानंद तीर्थ : अंबाजोगाईचे मुख्याध्यापक

स्वामी रामानंद तीर्थ हे नाव ज्याने ऐकले नाही असा वाचक बीड जिल्ह्यात विरळाच. अंबाजोगाईच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयास त्यांचे नाव आहे. नांदेडच्या विद्यापीठासही त्यांचेच नाव आहे. हैदराबाद संस्थान निजामाच्या सत्तेतून सोडविण्याच्या लढ्याचे ते पुढारी होते, हे आपली मुले शाळेत शिकतात. परंतु हे थोर गृहस्थ आधी शाळामास्तर होते, आणि त्यांच्या शिक्षकी आयुष्यातील कित्येक मोलाचे दिवस आपल्याच जिल्ह्यात गेले, हे पुष्कळांच्या ध्यानात राहिलेले नाही. म्हणून त्यांच्या चरित्राचा तो भाग आम्ही आज वाचकांपुढे ठेवीत आहोत.

स्वामीजींचे मूळ नाव व्यंकटेश खेडगीकर. 3 ऑक्टोबर 1903 रोजी कर्नाटकातील सिंदगी येथे त्यांचा जन्म झाला. 1920 साली लोकमान्य टिळक वारले, तेव्हा हा सतरा वर्षांच्या आतला विद्यार्थी होता. त्या दुःखाच्या दिवशी त्याने आजन्म अविवाहित राहून देशसेवा करण्याचा निश्चय केला, आणि तो अखेरपर्यंत पाळला. पुढे असहकाराच्या चळवळीत त्याने सरकारी शाळा सोडली, राष्ट्रीय शिक्षणसंस्थांत अभ्यास पुरा केला, व मजुरांचे पुढारी ना. म. जोशी यांच्या हाताखाली काही काळ काम केले. 1929 साली ते हिप्परगा येथील राष्ट्रीय शाळेत शिक्षक म्हणून आले. हे खेडे आताच्या धाराशिव जिल्ह्यात आहे. तेथे असतानाच 1932 मध्ये त्यांनी संन्यास घेतला. पण संन्यासी झाल्यावर ते अरण्यात गेले नाहीत, वर्गातच राहिले.

त्या वेळची शाळांची स्थिती ध्यानात घेतल्याखेरीज ह्या कामाचे मोल कळणार नाही. निजामाच्या राज्यात शंभर माणसांत दहादेखील अक्षरे जाणणारी नव्हती. प्रजेतील बहुतेकांची भाषा तेलुगू, मराठी किंवा कानडी. परंतु वरच्या शिक्षणाची भाषा उर्दू. 1918 साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठातही उर्दूच होती. शेतकऱ्याच्या मुलाला घरात एक भाषा व पुस्तकात दुसरी. शिवाय खासगी शाळा काढावयाची तर सरकारची परवानगी लागे. परवानगी मिळाली तरी छप्पर, फळा व मास्तरांचा पगार ह्यांची चिंता लोकांनीच वाहावयाची. अशाही स्थितीत औरंगाबाद, गुलबर्गा इत्यादी ठिकाणी लोकांनी वर्गणीवर शाळा उभ्या केल्या. अंबाजोगाईस, ज्या गावास तेव्हा सरकारदफ्तरी मोमिनाबाद म्हणत, 1917 साली योगेश्वरी नूतन विद्यालय निघाले.

1935 साली स्वामीजी ह्या शाळेत आले व मुख्याध्यापक झाले. त्यांचे सहकारी बाबासाहेब परांजपे हेही येथेच होते. हेच पुढे 1952 साली बीडचे पहिले खासदार झाले. असे शिकलेले पुरुष मोठ्या शहरांतील पगाराच्या जागा सोडून आडगावी येऊन राहिले, ही त्यांची देणगी. शाळा चालू ठेवण्यासाठी गावाने पदरचे दिले, ही गावाची देणगी. दोन्ही देणग्या एकत्र आल्या म्हणून तेथे मुले शिकली. एकट्या मास्तराने ते झाले नसते, एकट्या पैशानेही नाही.

ह्यानंतर शाळेच्या कसोटीची वेळ आली. 1938 साली स्वामीजींनी मुख्याध्यापकाचे काम सोडून संस्थानच्या राजकीय लढ्यात उडी घेतली. ऑक्टोबर महिन्यात स्टेट काँग्रेसच्या सत्याग्रहात ते पकडले गेले, आणि पुढील दहा वर्षांत त्यांस वारंवार तुरुंगवास घडला. असा पुरुष निघून गेला म्हणजे पुष्कळ संस्था बसतात. त्यांचा आधार एकाच खांबावर असतो, आणि खांब हलला की छप्पर खाली येते. परंतु योगेश्वरीची शाळा बसली नाही. ती स्वामीजींच्या आधी होती, त्यांच्या नंतरही राहिली, आणि 1956 साली त्याच संस्थेचे महाविद्यालयही निघाले. त्या शाळेचा भार अनेकांच्या खांद्यावर होता, हेच त्याचे कारण होय.

17 सप्टेंबर 1948 रोजी संस्थान मुक्त झाले. स्वामीजी पुढे दोन वेळा लोकसभेवर निवडून गेले, तरी शाळेचे वेड सुटले नाही. 1950 साली नांदेड येथे पीपल्स कॉलेज सुरू झाले, त्यामागे त्यांचीच प्रेरणा होती. 22 जानेवारी 1972 रोजी हैदराबाद येथे त्यांनी देह ठेवला. त्यांच्या मागे स्वतःचे घरदार किंवा संपत्ती राहिली नाही. शाळा व विद्यार्थी राहिले.

वाचकहो, आता परका राजा नाही आणि परकी भाषाही नाही. गावोगाव सरकारी शाळा आहेत. तरीही दसरा-दिवाळी आली की आपल्या जिल्ह्यातील हजारो कुटुंबे मुकादमाची उचल घेऊन ऊसतोडीस जातात, आणि मुलेही बैलगाडीत किंवा ट्रॅक्टरवर बसून फडावर जातात. तिकडे कोपीत राहून लहान भावंडे सांभाळण्यात सहा महिने सरतात, व परत आल्यावर मागचे धडे हाती लागत नाहीत. अशा मुलांसाठी सरकारने हंगामी वसतिगृहांची योजना केली आहे. तथापि योजना कागदावरून गावात आणावयास गावातील माणूस लागतो. ज्या मुलास आजी नाही त्याच्या निजण्याची सोय कोण पाहील? मुलगी मागे राहिली तर तिच्यावर लक्ष कोण ठेवील? ही कामे वरून कोणी येऊन करणार नाही.

2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने प्रत्येक सरकारी शाळेस व्यवस्थापन समिती दिली आहे. तिचे किमान पाऊण सभासद पालक असावेत, व समितीत निम्म्या स्त्रिया असाव्यात, असा नियम आहे. आपणांपैकी कितीजण त्या सभेस जातात? जे उपदेशक व वडील मंडळी गावात बारा महिने राहतात, त्यांनी ह्या दिवाळीपूर्वी घरोघर जाऊन मागे राहू शकतील अशा मुलांची यादी करावी, आणि ती मुख्याध्यापकांच्या हाती द्यावी. कोणी एका मुलाचे जेवण पत्करावे, कोणी रात्री कंदिलाजवळ किंवा दिव्याखाली अभ्यास घ्यावा. धान्य थोडे असेल तर थोडे द्यावे.

मोठे पुरुष येतात आणि जातात. त्यांची नावे आपण महाविद्यालयांस देतो, हे योग्यच आहे. परंतु स्वामीजींचे खरे स्मरण करावयाचे असेल, तर आपल्या गावची शाळा ही आपली आहे असे मानून तिचा एक कोपरा तरी आपण खांद्यावर घ्यावा, अशी आमची वाचकांस कळकळीची विनंती आहे.