फाइलचा मालक बदलतो म्हणजे काय? अमळनेरच्या हाशम प्रेमजींच्या गोष्टीतून समजून घ्या

लिनक्समध्ये फाइलचा मालक बदलतो म्हणजे नेमकं काय होतं? हे सांगायला मला मोहम्मद हाशम प्रेमजींपेक्षा चांगलं उदाहरण सापडत नाही.

प्रेमजी तांदळाचे मोठे व्यापारी. 29 डिसेंबर 1945 रोजी त्यांनी वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स ही कंपनी काढली आणि कारखाना टाकला आपल्या खान्देशात, अमळनेरला. तिथे वनस्पती तूप बनायचं, सोबत कपड्यांचा साबणही. फाळणी झाली तरी ते भारतातच राहिले. कंपनीचे शेअर्स अमळनेरच्या साध्या माणसांनीही घेतले. म्हणजे मालक प्रेमजी, पण गावाचाही वाटा.

लिनक्समध्येही प्रत्येक फाइलवर दोन नावं असतात: मालक, म्हणजे यूजर, आणि ग्रुप. टर्मिनलवर 'एलएस -एल' दिलं की दोन्ही दिसतात.

1966 मध्ये प्रेमजी अचानक वारले. मुलगा अझीम तेव्हा 21 वर्षांचा, अमेरिकेत स्टॅनफर्डला शिकत होता. शिक्षण अर्धवट सोडून तो परत आला आणि कंपनी हातात घेतली.

यूजर अकाउंट डिलीट झालं, तरी त्याच्या फाइल्स राहू शकतात. मालकाच्या जागी नुसता नंबर उरतो. मग रूटचे अधिकार वापरून त्या दुसऱ्याच्या नावावर कराव्या लागतात:

सुडो सीएचओन -आर अझीम कारखाना

टाइप इंग्रजी अक्षरांतच करायचं. सीएचओन म्हणजे सी-एच-ओ-डब्ल्यू-एन, आणि 'आर' कॅपिटल. त्यामुळे फोल्डरच्या आतलं सगळं नव्या मालकाच्या नावावर होतं. ग्रुपचं नाव दिलेलं नाही, म्हणून ग्रुप तोच राहतो, जसा अमळनेरकरांचा वाटा राहिला. ग्रुपही बदलायचा असेल तर मालकाच्या नावाला लागूनच कोलन आणि ग्रुपचं नाव द्या. एंटर दाबण्याआधी फोल्डरचा पाथ मात्र दोनदा बघा. सिस्टिमच्या फोल्डरवर ही कमांड चालली तर मशीन बिघडू शकतं.

तुमच्या फोनमध्येही हेच आहे बरं का! अँड्रॉइड प्रत्येक ॲपला वेगळा यूजर नंबर देतं, म्हणून एका ॲपला दुसऱ्याचा खासगी डेटा उघडता येत नाही. रूट नसलेल्या फोनवर टरमक्समधून मालक बदलता येत नाही, तोही याचसाठी.

मालक बदलला म्हणून फाइलमधलं एक अक्षरही बदलत नाही. पुढे त्यात काय लिहायचं, ते नवा मालक ठरवतो. तुपाची ती कंपनी पुढे कॉम्प्युटरकडे वळली. आज तिला आपण विप्रो म्हणतो.