दंतरचनाशास्त्राचे जनक एडवर्ड अँगल

वेडेवाकडे दात सरळ करण्यासाठी दातांवर ब्रॅकेट बसवून त्यात तार अडकवण्याची पद्धत आज जगभर रूढ आहे. या पद्धतीचा पाया अमेरिकी दंतवैद्य एडवर्ड हार्टली अँगल यांनी घातला.

अँगल यांचा जन्म 1 जून 1855 रोजी पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या हेरिक इथे झाला. 1878 मध्ये त्यांनी दंतवैद्यकाची पदवी घेतली. प्रकृती बिघडल्याने काही काळ त्यांनी माँटानामध्ये मेंढपालन केले. मात्र कडक हिवाळ्याने तो व्यवसाय बुडाला आणि ते पुन्हा दंतवैद्यकाकडे वळले. 1886 पासून त्यांनी मिनेसोटा विद्यापीठात अध्यापन केले.

वरच्या आणि खालच्या पहिल्या दाढा एकमेकींशी कशा जुळतात, या आधारावर त्यांनी 1899 मध्ये दातांच्या सदोष जुळणीचे तीन वर्ग ठरवले. हे वर्गीकरण आजही वापरले जाते. 1900 मध्ये त्यांनी सेंट लुईस इथे या शाखेचे स्वतंत्र विद्यालय सुरू केले. अमेरिकी ऑर्थोडॉन्टिस्ट संघटनेचे ते पहिले अध्यक्ष होते.

निसर्गाने दिलेले सर्व दात राखूनच उपचार व्हावेत, यावर अँगल ठाम होते. काही रुग्णांचे दात काढणे आवश्यक असते, असे केल्व्हिन केस यांचे मत होते. त्यावरून 1911 मध्ये मोठा वाद झाला. एकही दात न काढता सर्वांना ओळीत आणायचे, तर दातांच्या मुळांवरही ताबा हवा होता. त्यासाठी अँगल एकामागून एक साधने तयार करत राहिले. अखेर 1928 मध्ये, वयाच्या 73 व्या वर्षी, त्यांनी एजवाइज ब्रॅकेटची माहिती प्रसिद्ध केली. या ब्रॅकेटच्या आडव्या खाचेत चौकोनी तार बसवून ती लिगेचर म्हणजे बारीक तारेने बांधली जाई. त्यामुळे दात तिन्ही दिशांना हलवणे शक्य झाले.

या पकडीची किंमतही होती. दात तारेवरून सरकताना तार, खाच आणि लिगेचर यांच्यात घर्षण होते आणि दिलेल्या बळाचा काही भाग त्यातच खर्ची पडतो. 11 ऑगस्ट 1930 रोजी कॅलिफोर्नियातल्या सांता मोनिका इथे अँगल यांचे निधन झाले. घर्षण कमी करण्याचे काम पुढच्या पिढीने हाती घेतले.

1935 मध्ये जेकब स्टोल्झेनबर्ग यांनी लिगेचरशिवाय तार धरून ठेवणारे ब्रॅकेट आणले. ऑस्ट्रेलियातले अँगल यांचे शिष्य रेमंड बेग यांनी बारीक गोल तार आणि तिला कमी जागी स्पर्श करणारे ब्रॅकेट वापरून घर्षण घटवले. बेग आणि अँगल यांचे दुसरे शिष्य चार्ल्स ट्वीड या दोघांनीही अनुभवाअंती गुरूंचे मत बाजूला ठेवून गरजेनुसार दात काढण्याचा मार्ग स्वीकारला.

अलीकडच्या झडपेच्या ब्रॅकेटमध्ये प्रयोगशाळेत घर्षण कमी आढळते. मात्र त्यामुळे उपचारांचा एकूण कालावधी लक्षणीय घटत नाही, असे रुग्णांवरील चाचण्यांमधून दिसून आले आहे. दात न काढण्याचा अँगल यांचा आग्रह मागे पडला, तरी त्यांनी ठरवलेली 0.022 इंचाची खाच मात्र आजच्या अनेक ब्रॅकेटमध्ये कायम आहे.