यंत्रशास्त्रज्ञ रुडॉल्फ डीझेल

आमच्या मुदखेड जंक्शनावर, जेथून आदिलाबादची वाट फुटते, डीझेल इंजिनांनीं कित्येक वर्षें गाड्या ओढल्या. आसपासच्या मळ्यांतून त्यांनीं विहिरींचें पाणीही उपसलें. तरी डीझेल हें एका माणसाचें आडनांव आहे, हें आमच्या बालवाचकांपैकीं थोड्यांसच ठाऊक असेल. त्या पुरुषाचें चरित्र येथें संक्षेपानें देतों.

रुडॉल्फ डीझेलचा जन्म १८ मार्च १८५८ रोजीं पॅरिस येथें झाला. आईबाप मूळ बव्हेरियाचे. १८७० सालीं फ्रान्स व प्रशिया यांच्यांत युद्ध जुंपलें, तेव्हां या कुटुंबास पॅरिस सोडून लंडन गांठावें लागलें. बारा वर्षांच्या रुडॉल्फला पुढें ऑग्सबुर्ग येथें नातलगांकडे शिकावयास धाडण्यांत आलें. म्युनिकच्या तंत्रविद्यालयांत शीतयंत्रांचे प्रसिद्ध शोधक लिंडे हे त्याचे गुरु होते. वाफेचें इंजिन कोळशांतील उष्णतेचा फार थोडा अंश कामीं लावतें, हें वर्गांत ऐकल्यापासून त्याला चैन पडेना.

सायकलींत हवा भरतांना पंप तापतो, हें सर्वांनीं अनुभविलें आहेच. हवा इतकी दाबावी कीं तिच्यांत तेल पडतांच तें ठिणगीवांचून पेटावें, ही डीझेलची कल्पना. १८९२ सालीं त्यानें पेटंटासाठीं अर्ज केला. १० ऑगस्ट १८९३ रोजीं ऑग्सबुर्गच्या कारखान्यांत पहिली परीक्षा झाली, तींत स्फोट होऊन मापकयंत्राच्या ठिकऱ्या उडाल्या. पुढील वर्षीं यंत्र स्वबळावर जेमतेम एक मिनिट चाललें. १८९७ सालीं प्राध्यापक श्रोटर यांनीं तें तपासलें, तेव्हां मात्र तेलांतील उष्णतेचा शेंकडा २६ भाग कामीं लागतो असें ठरलें. त्या एका मिनिटानंतरचीं हीं तीन वर्षें आम्हांस त्याच्या बुद्धीहूनही अधिक आदरणीय वाटतात.

खरी अडचण तेल घालण्याची होती. तें फार लवकर पडलें तर दट्ट्या वर येत असतांनाच भडका उडून उलटा तडाखा बसे. उशिरां पडलें तर जोर फुकट जाई. शिवाय दाबलेल्या हवेच्या विरुद्ध तें आंत ढकलून त्याचे बारीक तुषार करावयाचे! डीझेल त्यासाठीं आणखी जोरानें दाबलेली हवा वापरी, आणि ती पुरविणारें यंत्र फार जड असे. कारखान्यांस व जहाजांस तें चाललें, मोटारीस नव्हे.

हा पेंच सुटलेला पाहणें त्याच्या नशिबीं नव्हतें. कर्ज आणि ढासळलेली प्रकृति यांनीं तो खचला होता. २९ सप्टेंबर १९१३ च्या रात्रीं अँटवर्पहून इंग्लंडला जाणाऱ्या ड्रेस्डेन नांवाच्या आगबोटीवरून तो नाहींसा झाला. कांहीं दिवसांनीं समुद्रांत प्रेत मिळालें. त्याजवळील वस्तु मुलानें ओळखल्या. तो पडला कीं त्यानें उडी घेतली, याचा निर्णय झाला नाहीं.

१९२७ सालीं जर्मनींतील बॉश कारखान्यानें तेल दाबून फेंकणारे पंप मोठ्या प्रमाणावर करण्यास आरंभ केला, आणि हें इंजिन मोटारीजोगें झालें. आपल्याकडे १९४६ सालीं पुण्याजवळ खडकीस किर्लोस्कर ऑइल इंजिन्स हा कारखाना निघाला. त्या पंपांत दर सिलिंडरास एक लहान दट्ट्या असतो, व खालीं फिरणारा कॅमशाफ्ट त्यास ठराविक क्षणीं उचलतो. चार सिलिंडरांच्या इंजिनांत हा क्रम बहुधा १, ३, ४, २ असा असतो. सरळ १, २, ३, ४ कां नाहीं? कारण २ व ३ यांचे दट्टे एकदमच माथ्यावर येतात, तसेच १ व ४ यांचेही. समान अंतरानें पाळी द्यावयाची तर बाहेरचा एक, मधला एक, असेंच जावें लागतें. मुख्य दांड्याच्या दर अर्ध्या फेऱ्यास एका सिलिंडरास तेल मिळतें, व दोन फेऱ्यांत चौघांची पाळी पुरी होते. हल्लींच्या मोटारींत हा क्षण संगणक ठरवितो. मुख्य फवाऱ्याच्या किंचित् आधीं तो एक इवलासा फवारा सोडवितो. त्यामुळें आंतील भडका एकदम उडत नाहीं, आणि जुन्या डीझेल गाड्यांचा तो परिचित खडखडाट पुष्कळ कमी होतो.